ॲपल पायमधला जोर नक्की कुठे? इंग्रजी जोडशब्द, सिलॅबल आणि आघात

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. माझा भाचा इथे नाशिकला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इंग्रजी विषय घेऊन. ध्वनिशास्त्राच्या चाचणीत दहा जोडशब्द दिले होते. प्रत्येकाचे सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, पाडायचे आणि मुख्य आघाताची, म्हणजे जोराची, खूण करायची. शब्द असे: ग्रीनहाऊस, टीस्पून, न्यूजपेपर, टेबलक्लॉथ, सनफ्लॉवर, पोस्टमन, ॲपल पाय, पेपर बॅग, हेडमास्टर, रनर-अप.

त्याला दहापैकी पाच मिळाले. शेवटच्या चार शब्दांत त्याने जोर दुसऱ्या भागावर दाखवला होता, ते चारही चूक. शेरा असा की जोडशब्दात आघात नेहमी पहिल्या शब्दावर. पाचवी चूक टेबलक्लॉथची, ती त्याला स्वतःला मान्य आहे.

पोरगं म्हणतं, "मावशी, मी हे शब्द कानांनी ऐकून लिहिलेत." दोन दिवस नीट जेवलेला नाही. मी वाणिज्य शाखेची, मला यातलं ओ की ठो कळत नाही. नियम खरंच इतका सरळ आहे का? की पोराचा कान बरोबर आहे? खूण करताना जोर असलेल्या भागाआधी ' असं चिन्ह टाका, म्हणजे मला वाचता येईल.

मागचं_बाक
भाच्याला आधी जेवायला घाला. पाय की केक ते नंतर ठरवू.

फळा_खडू
ताई, तुमच्या भाच्याचा कान उत्तम आहे. त्या चारही शब्दांत ब्रिटिश उच्चाराचे कोश जोर दुसऱ्या भागावरच दाखवतात: ॲपल 'पाय, पेपर 'बॅग, हेड'मास्टर, रनर-'अप. मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली बरीच हाच विषय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेरा मारणाऱ्या शिक्षकांनी सांगितलेला नियम खोटा नाही, अर्धा आहे. विशेषण आणि नाम नुसते शेजारी उभे असले की जोर नामावर जातो. दोन्ही मिळून एक नवीन वस्तू झाली की जोर पुढे सरकून पहिल्यावर येतो. कुठलाही काळा पक्षी म्हणजे ब्लॅक 'बर्ड, आणि त्या नावाची पक्ष्याची ठरावीक जात म्हणजे 'ब्लॅकबर्ड. हिरव्या रंगाचं घर ते ग्रीन 'हाऊस, रोपं वाढवायचं काचघर ते 'ग्रीनहाऊस. व्हाइट हाऊसचंही तेच: पांढरं घर कुणाचंही असेल, वॉशिंग्टनमधल्या त्या एका घराच्या नावात मात्र जोर व्हाइटवर.

माझ्या वर्गात सगळ्यात चालणारं उदाहरण म्हणजे इंग्लिश टीचर. 'इंग्लिश टीचर म्हणजे इंग्रजी शिकवणारा, तो भले सांगोल्याचा असो. इंग्लिश 'टीचर म्हणजे इंग्लंडचा माणूस, तो भले गणित शिकवत असो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

आता उरलेला अर्धा नियम. पहिला शब्द दुसरी वस्तू कशाची बनली आहे ते सांगत असेल, तर जोर बहुधा दुसऱ्यावर राहतो. कागदाची पिशवी: पेपर 'बॅग. कागदाला लावायची क्लिप मात्र कागदाची नसते, म्हणून 'पेपर क्लिप. खाण्याच्या पदार्थांतही तेच: ॲपल 'पाय, टोमॅटो 'सूप, चिकन 'सूप. यात केक आणि ज्यूस हे दोन हट्टी अपवाद, तिथे जोर पहिल्यावर: 'फ्रूट केक, 'ऑरेंज ज्यूस. का, ते विचारू नका. वर्गात मला दरवर्षी विचारायचे आणि दरवर्षी मी हेच सांगायचो की लक्षात ठेवा.

हेडमास्टर आणि रनर-अप यांची कारणं वेगळी आहेत. उद्या लिहितो, आता डोळे थकले.

सोनचाफा
सर, किती सुंदर समजावलंत! पेपर बॅग आणि पेपर क्लिप तर आता विसरणं शक्य नाही. वाचनखूण साठवली.

लेस्टरकर
फळा_खडू सरांच्या यादीत एक भर. इंग्लंडला आलो तेव्हा सहा महिने माझा पत्ता लोकांना एका झटक्यात कळायचा नाही. इथे रस्त्यांच्या नावांत स्ट्रीट असेल तर जोर आधीच्या शब्दावर: 'ऑक्सफर्ड स्ट्रीट, 'फ्लीट स्ट्रीट, 'डाउनिंग स्ट्रीट. बाकी सगळे, म्हणजे रोड, लेन, ॲव्हेन्यू, स्क्वेअर यांत जोर शेवटी: ऑक्सफर्ड 'रोड, ट्रफाल्गर 'स्क्वेअर. मी रोडलाही स्ट्रीटसारखं म्हणायचो, रोड हा शब्द गिळून टाकायचो. टॅक्सीवाले मान हलवायचे आणि पुन्हा विचारायचे. एका शेजारच्या आजीबाईंनी एकदा दारात उभं करून मला पाच वेळा म्हणायला लावलं, तेव्हा कुठे जमलं.

यामागचा तर्क असा सांगतात की स्ट्रीट इतका सर्रास येणारा शब्द आहे की तो न ऐकताही कळतो, म्हणून त्यावर जोर लागत नाही.

चिंचपोकळीकर
लेस्टरकरांनी माझ्या लोकल प्रवासाचं वाटोळं केलं. आज सकाळपासून ग्रँट 'रोड, चर्नी 'रोड, करी 'रोड, सँडहर्स्ट 'रोड करतोय. डॉकयार्ड रोडला तर गंमत आहे. डॉकयार्ड स्वतः जोडशब्द, तेव्हा एकटा असताना 'डॉकयार्ड. रोड जोडला की मुख्य जोर रोडवर जाणार ना? आणि चर्चगेट?

फळा_खडू
बरोबर. डॉकयार्ड 'रोड, आणि आतला डॉकवरचा जोर दुय्यम होऊन बसतो. कोशात मुख्य आघाताची खूण सिलॅबलच्या आधी वर असते आणि दुय्यम आघाताची तशीच खूण खाली. चर्चगेट एकजीव झालेला शब्द आहे: 'चर्चगेट.

हसरा_निवडुंग
कॉलेजात आम्हाला सांगितलेली एक जोडी: लाइट-हाऊस-कीपर. 'लाइटहाऊस कीपर म्हटलं तर दीपगृहाचा रखवालदार. लाइट 'हाऊसकीपर म्हटलं तर वजनाने हलकी अशी घर सांभाळणारी बाई. आमच्या वर्गातला एक रत्नागिरीचा मुलगा होता, त्याचे आजोबा खरोखर दीपगृहावर नोकरीला होते. त्याने हे ऐकलं आणि उठून म्हणाला, "सर, आमचे आजोबा दोन्ही होते." आजी लवकर गेली होती, दीपगृहही तेच सांभाळायचे आणि घरही. सगळा वर्ग गप्प झाला होता.

कोल्हापुरी_ठसका
माफ करा, पण मला हे सगळं पटत नाही. आपण आपलं इंग्रजी दीडशे-दोनशे वर्षं बोलतोय. चेन्नईचा माणूस आणि कोल्हापूरचा माणूस फोनवर बोलतात, धंदा होतो, माल पोचतो. ॲपलवर जोर दिला काय आणि पायवर दिला काय, दुकानदार तोच पदार्थ देणार. मग त्या पोराचे चार गुण का कापायचे? आणि ते परत मिळवायलासुद्धा लंडनचा कोश का उघडायचा? मराठी माणूस दोन्ही भागांवर सारखा जोर देतो, तो आपला उच्चार आहे. त्याची लाज कशाला?

रातपाळी
ठसकाभाऊ, लाजेचा प्रश्नच नाही. मी पुण्यात चार वर्षं रात्रपाळीला ब्रिटिश ग्राहकांचे फोन घेतलेत, म्हणून माझा अनुभव सांगतो. एका गृहस्थांना मी तेरा पाउंड थकबाकी सांगितली, त्यांनी तीस ऐकली. वीस मिनिटं त्यांचा आवाज चढलेला. मागून रेकॉर्डिंग ऐकलं तर मी थर्टीनमधल्या थरवर जोर देऊन टीन जवळजवळ सोडून दिलं होतं. तेव्हापासून थर'टीन आणि 'थर्टी हे मी आरशासमोर घोकलं. तीस वेळा नाही, तीनशे वेळा. समोरच्याला मी दिसत नव्हतो, माझा हातवारा दिसत नव्हता, त्याच्याकडे फक्त माझा जोर होता.

फळा_खडू
रातपाळी, तुमच्या चुकीला व्याकरणाने एक सबब दिली आहे. थर'टीन एकटा असताना जोर शेवटी. पण लगेच पुढे जोराचा शब्द आला तर तो जोर मागे सरकतो: 'थर्टीन 'पाउंड्स. दोन जोर शेजारी शेजारी इंग्रजीला खपत नाहीत. आफ्टर'नून, पण 'आफ्टरनून 'टी. लेफ्ट-'हँडेड, पण 'लेफ्ट-हँडेड 'बोलर. म्हणजे तुम्ही थरवर जोर दिलात ते नियमाला धरूनच होतं, चूक झाली ती टीन सोडून देण्यात. म्हणून आकडा सांगताना नुसता आकडा पुन्हा एकदा वेगळा उच्चारावा.

कोल्हापुरी_ठसका यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. आपापसात बोलताना सारखा जोर दिला तर काही बिघडत नाही, आणि त्यावरून कुणाला हसणं तर अगदी वाईट. पण हा पेपर ब्रिटिश उच्चाराचा आहे. परीक्षा ज्या उच्चाराची, गुण त्याच उच्चाराच्या कोशाप्रमाणे द्यायला हवेत. डॅनिअल जोन्स यांचा उच्चारकोश १९१७ सालचा. तेव्हापासून हे शब्द छापील खुणांसह उपलब्ध आहेत. पोराचं उत्तर कोशात आहे आणि तरी गुण गेले, माझी तक्रार एवढीच.

पळसपान
इतके प्रतिसाद वाचले आणि कुणालाच इन्द्रशत्रू आठवला नाही याचं नवल वाटलं. जोडशब्दात जोर कुठे यावर जीव गेल्याची कथा आपल्याकडेच आहे की!

इंद्राने त्वष्ट्याच्या मुलाला, विश्वरूपाला मारलं. सूड घ्यायला त्वष्ट्याने यज्ञ मांडला. इंद्राचा वध करणारा जन्मावा अशी इच्छा. मंत्रात शब्द होता इन्द्रशत्रु. शत्रू म्हणजे इथे ठार करणारा. शेवटचा स्वर उदात्त, म्हणजे उंच आवाजात, उच्चारला तर तत्पुरुष समास: इंद्राला मारणारा. पहिल्या पदाचा स्वर उदात्त उच्चारला तर बहुव्रीही: इंद्र ज्याला मारणार आहे असा. उच्चार चुकला, स्वर पहिल्या पदावर पडला. वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. पतंजलींनी महाभाष्याच्या सुरुवातीलाच व्याकरण का शिकावं हे सांगताना याचा दाखला दिलाय. आणि पाणिनीची सूत्रं आहेत: समासाचा अंत्य स्वर उदात्त, बहुव्रीहीत मात्र पूर्वपद आपला मूळ स्वर टिकवतं.

वैदिक उदात्त म्हणजे आवाजाची उंची आणि इंग्रजी आघात म्हणजे प्रामुख्याने जोर, हा फरक आहेच. पण खेळ तोच. अक्षरं तीच, क्रम तोच, आणि जोर पुढून मागे गेला की अर्थ उलटा. पुढच्या मराठीत हे स्वर उरले नाहीत, म्हणून आपल्या कानाला इंग्रजीतलं हे परकं वाटतं. आपल्या पूर्वजांच्या कानाला वाटलं नसतं.

सोनचाफा
पळसपान, अंगावर काटा आला. हे मी उद्या माझ्या वर्गात सांगणार.

मात्रा_वेलांटी
मी गेली अठरा वर्षं छपाईच्या अक्षरजुळणीत आहे, त्यामुळे माझा या विषयाशी संबंध ओळीच्या शेवटी येतो. इंग्रजी पुस्तक लावताना शब्द कुठे तोडायचा हा रोजचा प्रश्न. जोडशब्द असेल तर पहिला नियम एकच: सांध्यावर तोडा. टी-स्पून, न्यूज-पेपर. सांधा चुकला तर काय होतं? मॅन-स्लॉटर म्हणजे मनुष्यवध. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तो एकच एस अलीकडच्या ओळीत राहिला की होतं मॅन्स-लाफ्टर, म्हणजे माणसाचं हसणं! कायद्याच्या पुस्तकाच्या प्रुफात हे खरंच माझ्या डोळ्यांसमोर आलं होतं, छपाईच्या आदल्या रात्री.

संगणकाला हे शिकवण्याचं मोठं काम स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांचे विद्यार्थी फ्रँकलिन लिआंग यांनी केलं. १९८३ चा त्यांचा प्रबंध. त्यांनी सगळे शब्द साठवण्याऐवजी अक्षरसमूहांचे ४,४४७ नमुने काढले. कोशातल्या ८९ टक्के तोडजागा त्यांतून सापडतात आणि चुकीची जागा जवळजवळ कधीच येत नाही. तेही त्या काळच्या संगणकाच्या चिमुकल्या स्मृतीत. क्नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत ते बसवलं आणि आजही ओळी त्याच रीतीने तुटतात.

एक सांगतो भाच्यासाठी: छपाईतली तोड आणि उच्चारातला सिलॅबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॉलेज हा शब्द अमेरिकन छापखाना उच्चाराप्रमाणे नॉल-एज तोडतो, जुना ब्रिटिश छापखाना व्युत्पत्तीप्रमाणे नो-लेज. कोशातले ठिपके बघून सिलॅबल लिहिताना तो कोश कुठला ते बघावं.

गोदाकाठची
तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंय. भाच्याला सगळं वाचून दाखवलं. काल पहिल्यांदा पोटभर जेवला. इन्द्रशत्रूची गोष्ट त्याने दोनदा वाचायला लावली.

आता त्याची शंका. टेबलक्लॉथचे त्याने चार तुकडे केले होते: टे-ब-ल-क्लॉथ. चूक का?

फळा_खडू
ही चूक आपल्या लिपीमुळे होते, हुशार मुलांचीही होते. देवनागरीत टेबलक्लॉथ लिहिलं की डोळ्याला पाच अक्षरं दिसतात: टे, ब, ल, क्लॉ, थ. सिलॅबल मात्र स्वरावर मोजायचा असतो. एक स्वर, एक सिलॅबल. तिथे टे-बल-क्लॉथ असे तीनच. बेडशीट हा शब्द आपण चार अक्षरी लिहितो, सिलॅबल दोन. स्प्रिंगबोर्ड कितीही भरगच्च दिसला तरी दोनच.

हनुवटीखाली तळहात आडवा धरा आणि शब्द सावकाश म्हणा. जितक्या वेळा हनुवटी हाताला लागेल तितके साधारण सिलॅबल. मी बीएडच्या मुलांनासुद्धा हेच करायला लावायचो.

आणि जोडशब्दाचे सिलॅबल पाडताना आधी सांधा शोधायचा, मग प्रत्येक भाग वेगळा पाडायचा. न्यूज आणि पेपर, मग पेपरचे दोन: न्यूज-पे-पर. हा सांधा ऐकूही येतो. नायट्रेट हे रसायन आणि नाईट-रेट म्हणजे रात्रीचा दर. ध्वनी तेच, पण पहिल्यात ट आणि र एकत्र, दुसऱ्यात सांध्यापाशी वेगळे. इथे आपली देवनागरी इंग्रजी स्पेलिंगपेक्षा सरस आहे, ट्रे आणि ट-रे हा फरक ती डोळ्याला दाखवते.

मागचं_बाक
बायको विचारते आहे की फोनसमोर हनुवटीला हात लावून न्यूजपेपर न्यूजपेपर काय चाललंय.

आडवाटेचा_वाटसरू
अवांतर आहे, पण राहवत नाही. सांधे झिजत जाऊन जोडशब्द एकजीव होतात, तो प्रवास मला फार आवडतो. कप आणि बोर्ड यांचा इंग्रज उच्चार कबर्ड. त्यातला प गेला आणि बोर्डाचा बर्ड झाला. ब्रेक आणि फास्ट यांचं ब्रेकफस्ट. हजबंड हा शब्द मुळात घर आणि गृहस्थ अशा दोन नॉर्स शब्दांचा. विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा. लॉर्ड म्हणजे जुन्या इंग्रजीत भाकरी राखणारा, दोन पूर्ण शब्द होते, आता एक सिलॅबल उरलाय. शेरीफ म्हणजे शायरचा रीव्ह, परगण्याचा कारभारी. मुंबईच्या नगरपालाला इंग्रजीत अजून शेरीफच म्हणतात.

आणि आपल्याकडे? कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार, चर्मकाराचा चांभार. देवकुलाचं देऊळ, राजकुलाचं राऊळ. मातृगृहाचं माहेर! माहेर म्हणताना कुणाला सांधा जाणवतो? जोर एका ठिकाणी साचला की दुसरं पद झिजतं. दोन्ही भाषांत तेच झालंय.

सोनचाफा
माहेर वाचून थांबलेच क्षणभर.

चिंचपोकळीकर
वाटसरू, सांधा झिजला नसेल तर मराठी माणूसही तो बरोबर पाळतो हां. आमचं स्टेशन चिंच्-पोकळी, पुढे घाट्-कोपर, कर्जतच्या अलीकडे-पलीकडे पळस्-दरी. सांध्याआधीचा अ आपण गिळतो. नवखा माणूस हे शब्द सगळे अ उच्चारून म्हणाला की लगेच कळतं, हा पाहुणा आहे.

कोल्हापुरी_ठसका
हे मात्र पटलं. पळसदरी प-ळ-स-द-री असं कुणी म्हटलं तर मलाही खटकेल. मग लंडनच्या माणसाला आपलं खटकत असेल, हे मान्य. पण मग आपण घेतलेले शब्द बघा. खेड्यातला अडाणी म्हणवला जाणारा माणूस पोस्टमन म्हणतो, पोस्टमॅन नाही. वॉचमन, चेअरमन. तो चुकतोय का?

फळा_खडू
चुकत नाही, तो शंभर टक्के बरोबर आहे, आणि तुम्ही फार मोलाचा मुद्दा काढलात. जोर पहिल्या भागावर गेला की इंग्रजीत दुसऱ्या भागातला स्वर मऊ पडतो. मॅनचा मन होतो. जुन्या पिढीने हे शब्द स्पेलिंग वाचून घेतलेच नाहीत, साहेबाच्या तोंडून ऐकून घेतले. म्हणून पोस्टमन, वॉचमन, चेअरमन. तसंच इंग्लंड, न्यूझीलंड, ऑक्सफर्ड. सुपरमॅन आणि डिस्नीलँड नंतर आले. त्यांत इंग्रजीतही मॅन आणि लँड पूर्ण उच्चारतात, आणि मराठीनेही ते तसेच घेतले. एका भाषेच्या लोकांनी नुसत्या कानावर एवढा बारीक फरक जपला. शाळेत आम्ही मात्र मुलांना पोस्टमॅन म्हणायला लावून तो बिघडवला. त्यात मीही होतो, सुरुवातीची काही वर्षं.

तुमच्या भाच्याने पोस्टमनला बरोबर खूण केली होती ना ताई? त्याचं श्रेय त्याच्या आजीला द्या.

राहिलेले दोन शब्द. रनर-अप, पासर-बाय यांत शेवटचा अप किंवा बाय हा क्रियेचाच तुकडा आहे, म्हणून जोर त्याच्यावर: रनर-'अप, पासर-'बाय. पण टेक 'ऑफ हे क्रियापद नाम झालं की जोर पुढे येतो, 'टेक-ऑफ. चेक 'इन आणि 'चेक-इन तसंच. आणि हेड'मास्टर हा पदाच्या नावांच्या गटातला, प्राइम 'मिनिस्टर, व्हाइस-'चान्सलर यांच्यासारखा. अमेरिकन लोक मात्र 'हेडमास्टर म्हणतात. 'पोस्टमास्टर दोन्हीकडे पहिल्यावर. भाच्याने शिक्षकांकडे जाताना हे स्वतःहून सांगावं, की या एका शब्दाचे दोन उच्चार कोशात आहेत. प्रामाणिकपणे गेलं तर माणूस ऐकून घेतो.

लेस्टरकर
वीकेंडसुद्धा. इथे वीक'एंड, माझा अमेरिकेतला भाऊ 'वीकेंड. आइस्क्रीमचंही तसंच, इथे आइस 'क्रीम, तिकडे 'आइस क्रीम. पण इथेही आइस्क्रीमची गाडी गल्लीत आली की 'आइस क्रीम व्हॅन. मुलगी लहान होती तेव्हा तिच्या ओरडण्यातून मला तो फरक पहिल्यांदा ऐकू आला.

रातपाळी
गोदाकाठचीताई, पुढे काय झालं ते नक्की लिहा. सगळे वाट बघतोय.

गोदाकाठची
उशीर झाला, क्षमस्व. घरात पाहुणे होते.

भाचा शुक्रवारी ग्रंथालयातला उच्चारकोश घेऊन शिक्षकांकडे गेला. सरांनी सांगितलं तसं हेडमास्टरचं आधी सांगितलं. शिक्षक रागावले नाहीत. म्हणाले, मलाही असंच शिकवलं होतं. दोघांनी बसून चारही शब्द काढले. ॲपल पाय, पेपर बॅग, रनर-अप यांचे गुण मिळाले. हेडमास्टरचा अर्धा. टेबलक्लॉथ चूक ते चूक. दहापैकी साडेआठ. पण त्याला आनंद वेगळ्याच गोष्टीचा झालाय. शिक्षकांनी त्याला पुढच्या तासाला पेपर बॅग आणि पेपर क्लिप वर्गात समजावून सांगायला उभं केलं.

तो आत्ता शेजारीच बसलाय. म्हणतो, टाउन हॉल विचार.

फळा_खडू
टाउन 'हॉल. किचन 'सिंक, फ्रंट 'डोअर, तसाच. एखादी गोष्ट कुठली ते पहिला शब्द सांगत असेल तर जोर बहुधा दुसऱ्यावर. बसस्टॉप मात्र 'बसस्टॉप, आणि 'पोस्ट ऑफिस.

गोदाकाठची
तो म्हणतो, मग 'टेस्ट मॅच आणि 'विकेटकीपर पहिल्यावर, पण नो-'बॉल दुसऱ्यावर. बरोबर?

फळा_खडू
तिन्ही बरोबर.